डासाचे नाव आणि राष्ट्राचे आरोग्य

वर्गीकरणविज्ञानाविषयी सुशिक्षित माणसांच्या मनांतही फारसा आदर आढळत नाही. टाचणीला टोचलेले कीटक, त्यांच्या खाली लावलेल्या लॅटिन नावांच्या चिठ्ठ्या, नावांवरून पंडितांत चालणारे वाद आणि धूळ खात पडलेली काचेची कपाटे एवढेच चित्र ह्या शास्त्राच्या उल्लेखाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. डास हा उपद्रवी प्राणी आहे, तो मारावा, त्याला बारसे घालून काय मिळवायचे आहे, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारतो. प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तरही सरळपणे दिले पाहिजे. ह्या लेखात ते एका विशिष्ट डासाच्या आधारे देण्याचा विचार आहे. त्या डासाचे नाव ॲनॉफिलीस स्टीफेन्सी असे आहे. आपल्या देशातील शहरांत हिवताप पसरविणारा प्रमुख डास तो हाच.

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी चारशेच्या घरात जाती भारतात सापडतात. त्यांतील ॲनॉफिलीस ह्या प्रजातीच्या सुमारे साठ जातींपैकी मुख्य रोगवाहक म्हणून ज्यांची गणना होते त्या अवघ्या सहा आहेत. मैदानी खेड्यांत क्युलिसिफेसीज, शहरांत स्टीफेन्सी, डोंगरपायथ्याच्या ओढ्यांकाठी फ्लुव्हिआटिलिस, ईशान्येकडील प्रदेशात मिनिमस व बैमाई, आणि अंदमान-निकोबारच्या खाऱ्या पाण्यात सुंदाइकस, अशी त्यांची स्थूल वाटणी सांगता येते. म्हणजे ह्या देशात ‘डास’ नावाचा एक शत्रू नाही. निरनिराळ्या ठिकाणी राहणारे, निरनिराळ्या वेळी चावणारे आणि निरनिराळ्या उपायांनी आटोक्यात येणारे असे अनेक शत्रू आहेत. त्यांना एकमेकांपासून ओळखता येणे ही लढाईची पहिली अट आहे.

नावावाचून अडलेले संशोधन

हिवतापाच्या संशोधनाचा इतिहासच ह्याची साक्ष देतो. रोनाल्ड रॉस ह्यांनी १८९५ पासून सिकंदराबाद येथे डासांची विच्छेदने आरंभिली. त्या वेळी भारतीय डासांचे वर्गीकरण सांगणारा ग्रंथ उपलब्ध नव्हता. म्हणून रॉस ह्यांनी आपल्यापुरती काही नावे ठरविली: पट्टेदार डास, करडा डास आणि ठिपकेदार पंखांचा डास. पहिल्या दोन प्रकारच्या डासांना त्यांनी हिवतापाच्या रोग्यांचे रक्त पाजले, डोळे शिणेपर्यंत सूक्ष्मदर्शकातून त्यांची जठरे तपासली; परंतु मानवी हिवतापाचा परजीवी त्यांत वाढताना दिसला नाही. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या जठरभित्तीत रंगकणयुक्त पेशी आढळल्या आणि वैद्यकाच्या इतिहासात एक नवे पर्व सुरू झाले.

ह्या कथेत रॉस ह्यांच्या चिकाटीचा गौरव नेहमी केला जातो आणि तो यथार्थच आहे. परंतु तीच कथा दुसऱ्या बाजूने वाचली तर काय दिसते? दोन वर्षांचे बहुतेक श्रम ज्या डासांवर खर्च झाले ते मानवी हिवतापाचे वाहक नव्हतेच. पुढे ज्यात परजीवी सापडला तो ठिपकेदार पंखांचा डास नेमका कोणत्या जातीचा होता, ह्यावर नंतरच्या अभ्यासकांना तर्क करीत बसावे लागले. कारण शोध लागला त्या क्षणी त्या डासाला नावच नव्हते. ज्या वस्तूला नाव नाही तिच्याविषयी एकाने मिळविलेले ज्ञान दुसऱ्याच्या हाती निश्चितपणे देता येत नाही. वर्गीकरण म्हणजे ज्ञानाची देवघेव शक्य करणारे चलन होय.

अचलपूरचा डास

ही उणीव त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत झपाट्याने भरून निघाली. थिओबाल्ड ह्यांनी लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात जगभरातून आलेल्या डासांचा अभ्यास करून आपल्या बृहद्ग्रंथाचे प्रकाशन १९०१ मध्ये सुरू केले. त्याच वर्षी भारतातील लष्करी वैद्यकसेवेतील एक डॉक्टर, विल्यम ग्लेन लिस्टन, ह्यांनी वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूर, येथील ॲनॉफिलीस डासांच्या वर्षभराच्या निरीक्षणांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या लेखात एका नव्या जातीचे वर्णन होते. हिवतापाचे त्या काळचे ख्यातनाम अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स ह्यांच्या नावावरून लिस्टन ह्यांनी तिला स्टीफेन्सी हे नाव दिले. हेच लिस्टन पुढे मुंबईस आले आणि उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो हे दाखविण्याच्या कामात त्यांनी महत्त्वाचा वाटा उचलला.

वर्गीकरणविज्ञानाच्या नियमानुसार ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून जातीचे प्रथम वर्णन होते, ते स्थान त्या जातीचे मूलस्थान म्हणून कायमचे नोंदले जाते. जगाच्या पाठीवर कोठेही ह्या डासाविषयी शंका उपस्थित झाली, तर अंतिम तुलना अचलपूरच्या त्या वर्णनाशी करावी लागते.

हा डास ओळखावा कसा? ॲनॉफिलीस प्रजातीचा डास सामान्यतः भिंतीवर बसताना डोके खाली व शरीराचा मागचा भाग वर असा तिरपा बसतो. स्टीफेन्सीच्या पंखांवर काळ्या-पांढऱ्या खवल्यांची नक्षी असतेच. परंतु त्याचे विशेष लक्षण म्हणजे पायांवर आणि सोंडेलगतच्या मुखांगांवर विखुरलेले पांढरे ठिपके. क्युलिसिफेसीज हा त्याचा ग्रामीण भाऊबंद आकाराने लहान व तपकिरी असून त्याच्या पायांवर असे ठिपके नसतात. तो बसतोही क्युलेक्स डासाप्रमाणे जवळजवळ भिंतीशी समांतर, आणि म्हणूनच गाइल्स ह्यांनी त्याला ‘क्युलेक्ससारखा दिसणारा’ ह्या अर्थाचे नाव १९०१ मध्ये दिले. भिंग हाती असलेल्या कोणाही दक्ष विद्यार्थ्यास हे भेद थोड्या सरावाने ध्यानी येतील.

विहिरीपासून गच्चीवरील टाकीपर्यंत

नाव मिळाले म्हणजे त्या नावाखाली माहिती साठू लागते आणि त्या माहितीतून उपाय सुचतो. मुंबईचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई शहरात हिवतापाचा जोर होता. शहरातील डबकी, गटारे, दलदल ह्यांच्याकडे स्वाभाविकपणे बोट दाखविले जात असे. डॉ. चार्ल्स बेंटली ह्यांनी तपास करून १९११ मध्ये जो अहवाल सादर केला त्याने संशयाची दिशाच बदलली. शहरात हिवताप पसरविणारा डास स्टीफेन्सी होता, आणि तो घाण पाण्यात वाढत नव्हता. तो घराघरांतील विहिरींच्या व हौदांच्या स्वच्छ, थंड, सावलीतील पाण्यात वाढत होता. जे पाणी लोकांना सर्वांत निर्मळ वाटत होते, त्यातच रोगाचे मूळ होते.

उपाय त्यामुळे नेमका झाला. सारे शहर कोरडे करण्याची गरज नव्हती; विहिरी बुजविणे अथवा डास शिरू शकणार नाही अशा रीतीने झाकणे एवढे पुरेसे होते. हे काम सोपे मुळीच नव्हते. विहिरीच्या पाण्याशी अनेक समाजांच्या धार्मिक भावना निगडित होत्या आणि विहिरी बंद करण्यास विरोध झाला. मुंबई महापालिकेच्या सेवेत असलेले रुस्तम मसानी ह्यांना त्या वादातूनच विहिरींविषयीच्या लोकश्रद्धांचा अभ्यास करावासा वाटला आणि १९१८ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शास्त्र व श्रद्धा ह्यांत वाटाघाट होऊ शकली ती डासाची जात व तिच्या सवयी निश्चित ठाऊक होत्या म्हणूनच. ‘पाणी साठवू नका’ असे मोघमपणे सांगणे आणि ‘विहीर ठेवा, पण तिला झाकण बसवा’ असे सांगणे ह्यांत जो फरक आहे तो वर्गीकरणाच्या ज्ञानाने पडला.

शहरे वाढली, नळ आले, इमारती उंच झाल्या. विहिरींची संख्या घटली, पण स्टीफेन्सी घटला नाही. त्याने गच्चीवरील टाक्या, तळमजल्यावरील हौद, कारंजी, पिंपे आणि बांधकामाच्या जागी साठविलेले पाणी ही नवी घरे शोधली. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाने डीडीटीच्या साहाय्याने अपूर्व यश मिळविले. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रोगी असल्याचा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास ती संख्या लाखाच्या घरात आली. परंतु हा भर मुख्यतः खेड्यांतील घरांच्या भिंती फवारण्यावर होता. शहरे बऱ्याच अंशी त्याच्या कक्षेबाहेर राहिली. रोगाने पुन्हा उचल घेतली आणि १९७६ मध्ये चौसष्ट लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. पुनरागमनाची कारणे अनेक होती, आणि डासांच्या व परजीवींच्या अंगी आलेली प्रतिकारशक्ती हे त्यांतील एक. तथापि शहरी डास वेगळा आहे व त्याला वेगळी योजना हवी हे १९७१ मध्ये शहरी हिवताप योजना सुरू करून शासनास मान्य करावे लागले. गोव्यात पणजी शहराने १९८६ च्या सुमारास हाच धडा घेतला. तेथे वाढत्या बांधकामांबरोबर हिवतापही वाढला, आणि बांधकामांवरील साठ्यांत व इमारतींच्या टाक्यांत हाच डास सापडला.

एका नावाखाली अनेक

येथवर वाचून कोणी म्हणेल की, नाव ठरले, सवयी कळल्या, वर्गीकरणाचे काम संपले. वस्तुस्थिती अशी नाही. १९३७ मध्ये स्वीट व राव ह्या संशोधकांनी स्टीफेन्सीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. ॲनॉफिलीसचे अंडे होडीच्या आकाराचे असून त्याच्या दोन्ही बाजूंस पाण्यावर तरंगण्यास साहाय्य करणारे तरंडक असतात, आणि त्या तरंडकांवर आडव्या कडा असतात. ह्या कडांच्या संख्येवरून त्यांनी जातीचे दोन प्रकार पाडले. अधिक कडांचा मूळ प्रकार मुख्यतः शहरांत आढळतो व तो प्रभावी रोगवाहक आहे. कमी कडांचा ‘मायसोरेन्सिस’ हा प्रकार खेड्यांत आढळतो, जनावरांचे रक्त अधिक पसंत करतो, आणि भारतात तरी हिवतापाच्या प्रसारात त्याचे महत्त्व अल्प आहे. १९८७ मध्ये ह्या दोहोंमधला आणखी एक प्रकार दिल्लीच्या संशोधकांनी वर्णिला. दक्षिण इराणमध्ये मात्र मायसोरेन्सिस हाच रोगवाहक मानला जातो. हे प्रकार स्वतंत्र जाती ठरत नाहीत, एकाच जातीतील भेद आहेत, असा आजवरचा सामान्य कल आहे. परंतु त्यांचा व्यवहारातील अर्थ प्रदेशाप्रदेशांत बदलतो हे विसरून चालणार नाही.

क्युलिसिफेसीजच्या बाबतीत तर गुंतागुंत त्याहून मोठी निघाली. देशातील हिवतापाच्या नव्या रोग्यांपैकी साठ ते पासष्ट टक्के ह्या डासामुळे होतात असा अंदाज दीर्घकाळ दिला जात आहे. १९८० मध्ये ग्रीन व माइल्स ह्यांनी गुणसूत्रांच्या रचनेवरून दाखवून दिले की, बाहेरून सर्वस्वी सारखा दिसणारा हा डास वस्तुतः एकापेक्षा अधिक जातींचा समूह आहे. १९८३ मध्ये हिवताप संशोधन केंद्रातील सुब्बाराव व सहकारी ह्यांनी त्यात तिसऱ्या जातीची भर घातली आणि १९९९ पर्यंत ए, बी, सी, डी व ई अशा पाच सहोदर जाती निश्चित झाल्या. त्यांतील ‘बी’ ही जात भारतात अत्यंत दुबळी वाहक आहे. ज्या भागात केवळ तीच आढळते तेथे डास विपुल असूनही हिवताप थोडा असतो.

ह्याचा अर्थ करदात्याने नीट समजून घ्यावा. दोन जिल्ह्यांत सारखेच दिसणारे, सारख्याच संख्येचे डास असू शकतात. एकात हिवताप असेल, दुसऱ्यात नसेल. डासांची केवळ मोजदाद करून फवारणी ठरविणारा अधिकारी दोन्हीकडे सारखाच पैसा खर्च करील आणि त्यातला काही पैसा निष्कारण जाईल. एवढेच नव्हे, तर निरुपद्रवी जातीवर औषध फवारल्याने रोग कमी झाला अशी समजूत होऊन औषधाच्या गुणाविषयीही चुकीचे अनुमान निघेल.

श्रीलंकेचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९३४-३५ साली त्या बेटावर हिवतापाच्या भयंकर साथीत सुमारे ८०,००० माणसे दगावली. आणि तेथील मुख्य वाहक क्युलिसिफेसीज होता ह्याविषयी दुमत नव्हते. परंतु गुणसूत्रांची तपासणी झाली तेव्हा तेथे ‘बी’ हीच जात आढळली. जी जात भारतात निरुपद्रवी, तीच समुद्राची एक अरुंद पट्टी ओलांडताच घातक कशी होते? हे कोडे सुटले ते रामेश्वर बेटावरील नमुन्यांवरून. तेथे ‘बी’ समजल्या जाणाऱ्या डासांत नरांच्या वाय गुणसूत्राचा आकार दोन प्रकारचा आढळला, आणि रोग वाहणारे डास हे ‘ई’ ह्या निराळ्या जातीचे आहेत असे निष्पन्न झाले. पुढे ही जात श्रीलंकेतही सापडली. जे कोडे राहिले होते ते एका गुणसूत्राच्या आकाराने उलगडले. अशा निरीक्षणास कोणी किडे मोजण्याचा छंद म्हणणार असेल तर त्यास काय म्हणावे?

समुद्रापार गेलेला डास

जातींच्या प्रसाराचा नकाशा एकदा काढला म्हणजे तो कायमचा, अशीही एक समजूत आहे. स्टीफेन्सीने ती खोटी ठरविली आहे. अरबस्तान व इराणचे आखात येथपासून पाकिस्तान, भारत, बांगलादेश, म्यानमार, थायलंड आणि चीनचा दक्षिण भाग येथपर्यंत ह्या डासाचा मूळ प्रदेश सांगितला जात असे. भारतात तो बहुतेक सर्वत्र आढळतो. लक्षद्वीपच्या बेटांवरही त्याची नोंद २००१ मध्ये झाली. आफ्रिका व श्रीलंका मात्र ह्या नकाशाबाहेर होत्या.

२०१२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जिबूती ह्या बंदराच्या शहरात हा डास सापडला. २०१६ मध्ये तो इथिओपियात आढळला आणि त्याच वर्षी सुदानातही त्याची नोंद झाली. पुढे सोमालिया, नायजेरिया, केनिया व घाना ह्या देशांतून त्याच्या वार्ता आल्या. २०१६ च्या सप्टेंबरात श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या देशाच्या उत्तरेकडील मन्नार बेटावर विहिरींत ह्या डासाच्या अळ्या मिळाल्या. जिबूतीमध्ये २०१२ साली हिवतापाचे अवघे २७ रोगी नोंदले गेले होते. २०२० साली ती संख्या ७३,००० च्या वर गेली. इतकी वाढ केवळ एका डासामुळे झाली असे म्हणणे अशास्त्रीय होईल. लोकांचे स्थलांतर, परजीवीत झालेले बदल अशी अन्य कारणेही तीत आहेत. परंतु २०२२ मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात ऐन कोरड्या ऋतूत जो उद्रेक झाला, त्याच्या तपासात ह्याच डासात हिवतापाचे परजीवी आढळले. आफ्रिकेतील जुने रोगवाहक डास प्रामुख्याने पावसाळी डबक्यांत वाढतात; कोरडा ऋतू आणि मोठे शहर ही तेथे संरक्षणाची दोन ठिकाणे होती. साठविलेल्या स्वच्छ पाण्यात बारमाही वाढणाऱ्या ह्या पाहुण्याने ती दोन्ही धोक्यात आणली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच्याविरुद्ध विशेष मोहीम जाहीर केली ती ह्या कारणाने.

ह्या प्रकरणातील एक गोष्ट वर्गीकरणाच्या टीकाकारांनी विशेष लक्षात ठेवावी. डास ओळखण्यासाठी तज्ज्ञ ज्या लक्षण-तालिका वापरतात, त्या विशिष्ट प्रदेशासाठी रचलेल्या असतात. आफ्रिकेत दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेलेल्या १९८७ च्या तालिकेत स्टीफेन्सीला जागाच नव्हती, कारण तो त्या खंडात नव्हता. तेव्हा त्या तालिकेच्या आधारे काम करणाऱ्या परिचराच्या हाती हा डास आला तरी त्याने त्यास तेथल्या परिचित जातींपैकीच एखादे नाव दिले असते. जे तालिकेत नाही ते डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. २०२० मध्ये सुधारलेली तालिका प्रसिद्ध झाली आणि तीत ह्या डासाचा समावेश करण्यात आला. तोवर जिबूतीतील पहिल्या नोंदीस आठ वर्षे लोटली होती.

काही आक्षेप

वर्गीकरणाच्या ह्या पुरस्कारावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सर्व डास उपद्रवीच असल्याने सरसकट सर्वांचा नाश करावा, भेद करण्याची गरज नाही. हे शक्य असते तर चर्चेचा प्रश्नच उरला नसता. परंतु घराच्या भिंतीवर फवारलेले औषध भिंतीवर विसावणाऱ्या डासालाच मारते. टाकीला बसविलेले झाकण टाकीत अंडी घालणाऱ्यालाच अडविते. गप्पी मासे ज्या पाण्यात सोडले तेथल्याच अळ्या खातात. प्रत्येक उपाय कोणत्या ना कोणत्या सवयीवर आधारलेला आहे आणि सवय ही जातीची असते. सरसकट उपाय म्हणून जो सांगितला जातो तो वस्तुतः कोणत्या तरी एका जातीवरचा, न तपासता सर्वत्र लागू केलेला उपाय असतो.

दुसरा आक्षेप अर्वाचीन आहे. आता जनुकद्रव्याच्या तपासणीने कोणताही कीटक यंत्राद्वारे ओळखता येतो, मग सूक्ष्मदर्शक घेऊन बसणाऱ्या तज्ज्ञाची आवश्यकता काय? ही नवी पद्धती अत्यंत मोलाची आहे, आणि सहोदर जातींच्या बाबतीत तर तिच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु यंत्र जे अक्षर वाचते ते कोणत्या जातीचे हे पूर्वी ओळखून ठेवलेल्या नमुन्याशी ताडूनच ठरते. तो मूळ नमुना कोणी ओळखायचा? शिवाय हजारो अळ्यांतून कोणत्या पाच तपासणीस पाठवाव्यात हे जागेवरच्या जाणत्या डोळ्यालाच समजते. यंत्र हे तज्ज्ञाचे साधन आहे. तज्ज्ञाची जागा ते घेऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. गरीब देशाला असे चोचले परवडत नाहीत, असे म्हटले जाते. खरोखर गरीब देशालाच चुकीच्या जागी औषध फवारणे परवडत नाही. प्रशिक्षित कीटकशास्त्रज्ञाचे वेतन हा खर्च आहे हे मान्य. परंतु निरुपद्रवी जातीवर वर्षानुवर्षे फवारलेल्या औषधाचाही हिशेब मांडला पाहिजे.

आपले कर्तव्य

भारतातील हिवतापाच्या नोंदलेल्या रोग्यांची संख्या २०१५ मधील ११ लाख ६९ हजारांवरून २०२३ मध्ये २ लाख २७ हजारांपर्यंत उतरली आहे, आणि २०३० पर्यंत ह्या रोगाचे निर्मूलन करण्याचे ध्येय देशाने पुढे ठेवले आहे. अशा वेळी डासांच्या अभ्यासाची गरज कमी झाली असे वाटणे स्वाभाविक आहे. वास्तविक ती वाढली आहे. रोग सर्वत्र असतो तेव्हा स्थूल उपायांनीही बरेच साधते. रोग थोड्या जागी उरतो तेव्हा तो तेथेच का उरला हे जाणल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही. १९६५ च्या सुमारास विजय हाती आला असे वाटले, आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत तो निसटला. तीच गोष्ट पुन्हा घडू नये ही जबाबदारी आजच्या पिढीवर आहे.

ह्यासाठी चार गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. प्रत्येक मोठ्या नगरपालिकेत व प्रत्येक जिल्ह्यात डास ओळखू शकणारा कीटकशास्त्रज्ञ असावा, आणि त्याची जागा काटकसरीच्या वेळी प्रथम रिकामी ठेवण्याची जागा नसावी. कोठे कोणती जात, कोणत्या महिन्यात, कोणत्या पाण्यात सापडली ह्याच्या नोंदी तालुकावार प्रसिद्ध व्हाव्यात. कपाटात बंद राहिलेला नकाशा कोणाच्याच कामी येत नाही. जुने नमुना-संग्रह जपले जावेत; शंभर वर्षांपूर्वीचा डास आज जनुकद्रव्याच्या तपासणीस उपयोगी पडू शकतो, पण त्याची चिठ्ठी हरवली असेल तर तो निव्वळ धूळ आहे. आणि विद्यापीठांनी वर्गीकरणविज्ञानास अभ्यासक्रमात व अध्यापकांच्या नेमणुकांत त्याचे योग्य स्थान द्यावे. ह्या विषयाचे जाणते अध्यापक सेवानिवृत्त होत असता त्यांच्या मागे शिष्य नसणे ही राष्ट्रीय हानी होय. कारण पुस्तकातील लक्षणे छापून ठेवता येतात, परंतु ती पाहणारी दृष्टी एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जाते.

शाळांनाही ह्या कामात स्थान आहे. शाळेच्या अथवा वसतिगृहाच्या टाकीतील पाणी एका पांढऱ्या ताटलीत घेऊन भिंगातून पाहावे. अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी पडून राहिली असेल तर ती ॲनॉफिलीसची. शेपटीकडील श्वासनलिका पृष्ठभागाला लावून डोके खाली करून लोंबत असेल तर ती क्युलेक्ससारख्या अन्य डासाची. निसर्गविज्ञानाचा ह्याहून स्वस्त व ह्याहून उपयुक्त पाठ शोधूनही सापडणार नाही. ज्या विद्यार्थ्याने तो एकदा केला तो घरच्या गच्चीवरील टाकीचे झाकण तिरके राहू देणार नाही, आणि त्याच्यापैकी एखादा कदाचित ह्या शास्त्राचा अभ्यासकही होईल.

सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका लष्करी ठाण्यावर एका डॉक्टरने जे डास वर्षभर धीराने पाहिले, त्यांतील एकाचे नाव आज आफ्रिकेतील आरोग्यखात्यांच्या दैनंदिन टिपणांत येत आहे. लिस्टन ह्यांना हे दिसणे शक्य नव्हते; त्यांनी फक्त दिसले ते अचूक लिहिले. आज जे डास आपण अचूक ओळखून नोंदू, त्यांपैकी कोणता उद्या कोठे जाईल हे आपल्यालाही सांगता येणार नाही. म्हणूनच त्या सर्वांची नोंद करणे अवश्य आहे.